खाणे, राहणे, खेळणे आणि किंचित खोकणे

१ जानेवारी १९८३, शनिवार

नवी डायरी. एका एअरलाइनने ऑफिसला दोन पाठवल्या, त्यातली जाड मी उचलली. पहिल्या पानावरची माहिती भरली. नाव: जयप्रकाश रामचंद्र चौबळ. मूळ गाव कल्याण, सध्या मनामा, बहरीन. हुद्दा: तिकिटिंग क्लार्क. (खोडून लिहिलं: ट्रॅव्हल एक्झिक्युटिव्ह.) पत्नी: सौ. स्मिता, माहेर सांगली. कन्या: लीना, वय पाच. रक्तगट: चांगला असावा. ॲलर्जी: मूर्ख माणसं.

ही वही फक्त माझ्यासाठी. तेव्हा इथे खरं तेच लिहायचं.

मुख्य बातमी. स्वित्झर्लंडच्या हॉटेलवाल्यांचं पत्र आलंय. सप्टेंबरात बारा दिवसांची टूर, प्रत्येक ट्रॅव्हल एजन्सीतला एक माणूस, सगळं फुकट. झुरिक, लुझर्न, डावोस. नवी हॉटेलं, नवी रेस्टॉरंटं, नवे खेळ डोळ्यांनी बघायचे आणि परत येऊन गिऱ्हाइकांना सांगायचे. आमच्या ऑफिसात माणसं चार. मॅनेजर ताहिरसाहेब, ते विमानाला घाबरतात. नूरबानो, टायपिस्ट, मुंबईची, डोंगरीची. गणपत, ड्रायव्हर, मालवणकडचा. आणि मी. जाणार कोण, हे सांगायला ज्योतिषी नको.

ठराव. एक: ‘स्विस वही’ सुरू करणे, रकाने तीन, खाणे, राहणे, खेळणे. दोन: थंडीची सवय करणे. तीन: रोज पन्नास उठाबशा.

उठाबशा उद्यापासून.

१४ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत. सुट्टी. स्मिताने तिळगूळ केला. लीनाला म्हटलं, तिळगूळ घे, गोड बोल. ती म्हणाली, ओके बाबा. एवढंच. इंग्रजी शाळेत घातल्याचा परिणाम.

हसता हसता तीळ श्वासनलिकेत गेला. दिवसभर खोकतोय. उद्यापर्यंत निघेल.

२२ जानेवारी, शनिवार

थंडीची सवय जोरात चालू. बेडरूमचा एसी फुल्ल, खिडक्या बंद, फटींना टेप. तिघं एका खोलीत, दोन-दोन रजया. स्मिता म्हणते, अहो जानेवारीत कोण एसी लावतं, वेड लागलंय का? तिला सप्टेंबरातला डावोस काय माहीत!

ब्रोशरांबरोबर डावोसचं एक कोरं पिक्चर पोस्टकार्ड आलंय. डोंगराच्या कुशीत लांबलचक पांढरी इमारत, प्रत्येक खोलीला गॅलरी. लीना मागत होती. दिलं नाही. ऑफिशियल वस्तू आहे. स्विस वहीत, ‘राहणे’च्या पानावर कोपऱ्यांना टेप लावून चिकटवलं. रुसली.

तीळ अजून आहे.

२ फेब्रुवारी, बुधवार

अडाणी लोकांशी गाठ. मुहर्रकचा एक म्हातारा व्यापारी मुलाला घेऊन आला. उन्हाळ्यात कुटुंबाला थंड हवेत न्यायचं, जागा सुचवा. मी स्विस वही उघडली. त्या पांढऱ्या इमारतीखाली बारीक अक्षरात छापलंय की पूर्वी हे सॅनिटोरियम होतं. मी म्हटलं, हाजीसाहेब, तुमच्यासारख्यांना साधं हॉटेल कशाला, फर्स्ट क्लास सॅनिटोरियम देतो! म्हाताऱ्याने मुलाकडे बघितलं. मुलाने विचारलं, क्या बोला? मी मोठ्याने, सुटं सुटं करून सांगितलं: सॅ-नि-टो-रि-यम. आप, बेगम, बच्चे, सब सॅनिटोरियम में. तेवढ्यात मला खोकला आला. दोघं उठून गेले. म्हातारा अरबीत काहीतरी पुटपुटत होता, त्यात ‘खलास’ दोनदा ऐकू आलं.

ताहिरसाहेबांनी आत बोलावून झापलं. तीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक, त्याला तू आजारी म्हणतोस?

कोण म्हणालं आजारी? मी सहावीत असताना बाबांच्या शेटजींनी आम्हाला देवळालीच्या सॅनिटोरियममध्ये दोन खोल्या दिल्या होत्या. महिनाभर. हवापालट! विहिरीचं पाणी, संध्याकाळी पत्ते, आईने स्टोव्हवर केलेली भजी. आयुष्यातला सगळ्यात चांगला मे महिना. सॅनिटोरियम म्हणजे ते.

३ फेब्रुवारी, गुरुवार

नूरबानोने डिक्शनरी आणून दाखवली. त्यात भलताच अर्थ. डिक्शनरी जुनी आहे. घरी स्मिताला सांगितलं, तर तीही म्हणाली की सांगली-मिरजेत सॅनिटोरियमचा अर्थ एकच. तिचे गजूमामा मिरजेच्या सॅनिटोरियममध्येच गेले. मी म्हटलं, सणासुदीचं तसलं बोलू नये. ती म्हणाली, कुठला सण? मी म्हटलं, कुठलाही.

त्या आजाराचं नाव या घरात काढायचं नाही. ठराव क्र. चार. या वहीतसुद्धा नाही.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

सखीरला पिकनिक. वाळवंटात एक बरा उंचवटा आहे. ‘खेळणे’ या रकान्याचा सराव. स्वित्झर्लंडमध्ये उन्हाळ्यातही उतारावरून घसरायच्या नव्या गाड्या निघाल्यात. आम्ही पोळपाट ठेवायचा जुना ट्रे नेला. लीना त्यात बसून घसरली, किंचाळली, परत वर धावली. अगेन बाबा, अगेन! मी तिसऱ्या खेपेला वर पोचलो तेव्हा दम लागला. खाली बसलो. वाळवंटात ऑक्सिजन कमी असतो.

गणपत व्हॅन घेऊन आला होता. म्हणाला, सायबानूं, तुमी लय वाळलास. मी म्हटलं, वाळलो नाही, फिट झालो. तीन किलो उतरले. त्याही उठाबशा सुरू न करता.

८ मार्च, मंगळवार

स्मिताने हट्टाने डॉ. जुबैदांकडे नेलं. हैदराबादच्या, सूकजवळ, म्हणजे बाजाराजवळ, क्लिनिक आहे. बाई फार प्रश्न विचारतात. खोकला किती दिवस? म्हटलं, आठवडा. संध्याकाळी अंग गरम होतं? म्हटलं, बहरीन आहे, सगळ्यांचंच होतं. रात्री घाम? म्हटलं, एसीचा गॅस संपलाय. छातीचा एक्स-रे काढा म्हणाल्या, चिठ्ठी दिली. बाहेर आल्यावर स्मिता म्हणाली, आठवडा? मी म्हटलं, डॉक्टरांना सगळं सांगितलं की ते घाबरवतात.

एक्स-रे काढायचाय, पण आत्ता नको. फिल्मवर भलतासलता डाग दिसला तर इथे राहायचा परवाना जाईल, टूर जाईल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, हे छाती दाखवून अवलक्षण. तिळाचा डागही दिसू शकतो.

चिठ्ठी स्विस वहीत ठेवली. ‘राहणे’च्या पानात.

३ एप्रिल, रविवार

लीना माझी नक्कल करायला लागली. मी खोकलो की ती खोकते. तोंडावर मूठ धरते, अगदी माझ्यासारखी. नकलाकार होणार! स्मिता हसली नाही.

१४ एप्रिल, गुरुवार

पाडवा. गुढी बाल्कनीत, आतल्या बाजूने. त्याच दिवशी ‘खाणे’ या रकान्याचं प्रात्यक्षिक. फॉन्ड्यू! स्विस लोक पातेल्यात चीज वितळवतात, भोवती बसतात आणि काट्याला पावाचा तुकडा लावून सगळे एकाच पातेल्यात बुडवतात. लुझर्नला नवं रेस्टॉरंट निघालंय, तिथे दुसरं काही मिळतच नाही. आम्ही निळ्या डब्यातलं चीज वितळवलं. एसी फुल्ल, दारं बंद, तिघं रजई पांघरून. लीनाने चार तुकडे खाल्ले आणि झोपली. हल्ली लवकर झोपते. अंग जरा कोमट वाटलं. चीजमुळे.

स्मिता म्हणाली, श्रीखंडाच्या दिवशी हे काय खायला घालताय पोरीला?

दृष्टीच नाही.

४ मे, बुधवार

आज हॉटेलच्या हॉलमध्ये स्विस संध्याकाळ. पन्नास गिऱ्हाइकं, स्लाइड्स, भाषण माझं. हे जमलं की टूर पक्की. सुरुवात झकास. झुरिक झालं. लुझर्नच्या फॉन्ड्यूवर लोक हसले. डावोसला आलो आणि खोकला लागला. थांबेचना. माईक तोंडाशी होता, त्यामुळे लोकांना जरा जास्त वाटला असेल. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी पदर तोंडावर घेतला, मग त्यांच्या शेजारणीने. कोणीतरी पाणी आणलं. नूरबानोने मध्येच माईक घेतला आणि माझ्याच वहीतून वाचत पुढचं सगळं सांगितलं. माझंच वाक्य वापरलं: ‘डावोसची हवा श्वासाबरोबर पोटात जाते.’ टाळ्या तिला.

कानामागून आली आणि तिखट झाली.

१९ मे, गुरुवार

टूरला नूरबानो जाणार. ताहिरसाहेबांनी मला बसवून, चहा मागवून सांगितलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, चौबळ, पहले अपनी छाती का इलाज करो. मी म्हटलं, साहेब, एक तीळ आहे फक्त. त्यांना तीळ कळला नाही. हिंदीत समजावला, तर त्यांना वाटलं चेहऱ्यावरचा. माझ्या गालाकडे बघत राहिले.

माझं ठरलंय. पुढच्या वर्षी जायचं. या वर्षी तिथली नवी हॉटेलं कच्ची असतील, रंगाचा वास येत असेल. नूरबानो बघून येऊ दे. मी मुरलेली बघेन.

नूरबानो घरी जाताना माझ्या टेबलाशी थांबली. म्हणाली, चौबळजी, वही तुम्ही बनवलीत, मला लाज वाटते. मी खोकलो. तिला वाटलं मी रडतोय.

२६ जून, रविवार

काल आपण क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकलो! सनदला गणपतच्या खोलीवर ट्रान्झिस्टरभोवती नऊ जण. शेवटची विकेट पडली तेव्हा मी एवढा ओरडलो की घशातली एक शीर तुटली. रुमालावर लाल डाग, जुन्या रुपयाएवढा. गणपतने बघितला. बाकीचे नाचत होते, हा एकटा उभा. म्हणाला, सायबानूं, ह्यां बरां नाय. मी म्हटलं, पान खाल्लंय. म्हणाला, पान खंय खाल्लास, मी देवक नाय.

रुमाल घरी येऊन स्वतः धुतला. पाच वर्षांत पहिल्यांदाच कपडा धुतला असेन. डाग गेला नाही.

२ जुलै, शनिवार

लीनाला ताप जातच नव्हता, म्हणून स्मिताने तिला डॉ. जुबैदांकडे नेलं. एक्स-रे काढला, हातावर सुई टोचून तीन दिवसांनी बघितलं, लाल गाठ आली होती. निदान: प्रायमरी कॉम्प्लेक्स.

देवाची कृपा! प्रायमरी. नावातच सगळं आलं. प्रायमरी म्हणजे बालवर्ग. सेकंडरी असतं, कॉलेजातलं असतं तर काळजी. स्मिताला हे समजावून सांगितलं. ती ताटावरून उठून गेली.

जुबैदाबाईंनी तिला विचारलं म्हणे, घरात मोठं कोणी खोकतं का? पाच वर्षांच्या मुलीला हे मोठ्या माणसाकडूनच येतं. बंद खोलीत, सहवासाने.

शाळेतून आलं असेल. तिथे अनेक देशांची मुलं असतात.

४ जुलै, सोमवार

स्मिताला रुमाल सापडला.

ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मी उत्तर दिलं असतं. म्हणाली, तुमचं काय व्हायचं ते होवो, माझ्या पोरीला काही झालं तर मी तुम्हाला सोडणार नाही. मग लीनाची गादी उचलली आणि हॉलमध्ये नेली. हॉलला एसी नाही. जुलै आहे. दोघी जमिनीवर, टेबलफॅन लावून झोपतात. माझं ताट, वाटी, पेला वेगळा. पेल्याला तिने लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय.

बेडरूम आता पूर्ण माझी. स्वित्झर्लंडमध्ये याला सिंगल ऑक्युपन्सी म्हणतात, जादा भाडं पडतं.

आज एसी बंद ठेवला. टेप काढली. काय उपयोग आता, असं नाही. सहज.

२० जुलै, बुधवार

संकट. परवाना रिन्यूअलचं मेडिकल सोमवारी, छातीच्या एक्स-रेसकट. पण योजना तयार आहे. गणपत आणि मी एका उंचीचे. फोटो जुना आहे, मिशी त्यालाही आहे. त्याने माझ्या नावावर जाऊन छाती दाखवायची. पाच मिनिटांचं काम. गणपतची छाती दरवाजासारखी आहे, कोणीही पास करेल.

व्हॅनमध्ये त्याला सांगितलं. त्याने गाडी बाजूला घेतली. म्हणाला, सायबानूं, माझी छाती तुमच्या नावार जायत, पण तुमची छाती तुमच्याकडेच रवतली मा? आणि चेडवाचां काय, लीनाचां? मग म्हणाला, चला, सोमवारी मी तुमका घेवन जातंय. यल्ला. आणि गाडी चालू केली.

साधी मदत करत नाहीत माणसं.

२५ जुलै, सोमवार

गणपत सकाळी सहालाच दारात. एक्स-रे झाला. श्वास रोखा म्हणाले. मला रोखता आला नाही, दोनदा काढावा लागला. म्हणजे फिल्म हललेली असणार. तिच्यावर विश्वास ठेवता येणार नाही.

३० जुलै, शनिवार

फिल्म चांगली आली होती. उजवीकडे वरच्या बाजूला एक पांढरा ढग आहे. तिथल्या डॉक्टरांनी काडीने दाखवला. ढग आहे आणि ढगात भोक आहे. थुंकीही तपासली. मला वेगळ्या खोलीत बसवलं, तोंडाला फडकं बांधलं. काउंटरवरचा माणूस नम्र होता. म्हणाला, सॉरी, मफी परवाना. मफी म्हणजे नाही. सुरुवातीचे काही दिवस इथेच औषध देतील, मग देशात जायचं. तिघांनीही.

परवाना मिळत नाही तो मला. पण त्यांचा माझ्यावर अवलंबून.

लीनाला स्मिताने सांगितलं की आपण आजीकडे जाणार. तिने विचारलं, इज देअर स्नो?

११ ऑगस्ट, गुरुवार

ऑफिसात गेलो नाही, जाऊ देत नाहीत. दाराबाहेर बाकावर बसलो. ताहिरसाहेबांनी कोरी तिकिटं आणि कार्बन बाहेर पाठवला. म्हणाले, चौबळसारखं अक्षर कोणाचं नाही, त्याचं त्यालाच लिहू द्या. मान दिला मला. माणूस चांगला आहे, मी आधीच लिहिलं होतं.

आधी नूरबानोचं लिहिलं. बहरीन–झुरिक–बहरीन. मग आमची तीन. बहरीन–मुंबई. परतीच्या रकान्यात काही नसेल तर तिथे व्हॉइड लिहायचं असतं, नाहीतर कोणी काहीही भरेल. तीनदा लिहिलं. व्हॉइड, व्हॉइड, व्हॉइड. लीनाच्या तिकिटावर पेन जरा अडकलं. अर्धं तिकीट होतं, नियम बघावा लागला.

नूरबानो काचेच्या आत उभी होती. हात हलवला. मीही हलवला.

स्विस वही तिला देऊन टाकली. पोस्टकार्ड तेवढं काढून घेतलं. आणि जुबैदाबाईंची चिठ्ठी. घडी मोडलेली नव्हती.

१२ सप्टेंबर, सोमवार. मिरज.

सॅनिटोरियम.

गावाबाहेर, भोवती लिंबाची झाडं. स्मिता आणि लीना सांगलीला, तिच्या माहेरी. सहा मैलांवर. भेट नाही. लीनाला तर मुळीच नाही.

सवयीने रकाने आखले. राहणे: लांब व्हरांडा, खाटा अठरा, एका बाजूने पूर्ण उघडा, हवा भरपूर. खाणे: सकाळी दूध आणि दोन अंडी, दुपारी भात-आमटी, फळ सोमवार-गुरुवार. खेळणे: कॅरम, एक सोंगटी कमी, तिच्या जागी बटण.

भरतीच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, खोकला कधीपासून? म्हटलं, दीड महिना. त्यांनी लिहून घेतलं. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. शेजारच्या खाटेवरचे तुकारामबुवा हसले. म्हणाले, इथं समद्यांचा दीडच महिना असतोय.

१ ऑक्टोबर, शनिवार

स्मिताचं पत्र. लग्नानंतरचं पहिलंच. कारण लिहायची वेळ आली नव्हती. मायना नाही.

लीनाचा ताप परत चढलाय. मानेला गाठी आल्यात. वजन तेरा किलो. रोजची सुई घेताना आता रडत नाही, त्याचीच भीती वाटते. सांगलीच्या डॉक्टरांचा एकच प्रश्न आहे. घरात खोकला नक्की कधी सुरू झाला आणि पोरीचा कधी? किती महिने ती त्या खोलीत होती, त्यावर औषध किती जोराचं आणि किती दिवस द्यायचं ते ठरेल. मी त्यांना सांगितलं, मला नक्की आठवत नाही, यांनी सगळीकडे तारखा खोट्या सांगितल्या. तुम्ही रोज काहीतरी लिहीत असायचात. त्यात असेल तर कळवा. खरं असेल ते कळवा. स्मिता.

उत्तर मनात तयार केलं: जूनपासून. क्रिकेटच्या दिवसापासून. ते सिद्धसुद्धा करता येईल, रुमाल आहे. जून म्हटलं तर लीनाला माझ्याकडून आलंच नाही, असं होतं. तिचा खोकला आधीचा.

उद्या टाकू पत्र.

२ ऑक्टोबर, रविवार

पोस्ट बंद. बरंच झालं.

जूनचा पुरावा शोधायला डायरी उघडली आणि चुकून पहिल्या पानापासून वाचत गेलो. दुपारचं जेवण झाकून ठेवलं. वाचून संपली तेव्हा ऊन व्हरांड्यातून गेलं होतं. काय माणूस आहे हा! कोणी त्याला धरून हलवत कसं नाही? एसी फुल्ल म्हणे. फटींना टेप म्हणे. पोर खोकतेय आणि हा म्हणतो नकलाकार होणार. मला त्याला दोन कानफटात द्याव्याशा वाटल्या. सगळ्यांनी सांगितलं त्याला. डॉक्टरीणबाईंनी, बायकोने, गणपतने गाडी थांबवून सांगितलं. सगळं त्याच्याच अक्षरात आहे. तारीखवार. अक्षर सुंदर आहे.

क्षय. मला क्षय आहे. लीनाला माझ्यामुळे झाला.

लिहिलं. काही कोसळलं नाही. तुकारामबुवा घोरतायत.

३ ऑक्टोबर, सोमवार

साधं पोस्टकार्ड मागवायला वेळ लावला असता तर परत ‘उद्या’ झालं असतं. म्हणून डावोसचंच कार्ड घेतलं. कोरं होतं. मागे लिहिलं:

माझा खोकला १४ जानेवारी. लीनाचा ३ एप्रिल. आपण तिघं त्या खोलीत ४ जुलैपर्यंत. तीळ नव्हता. हे डॉक्टरांना दाखवून झालं की चित्र लीनाला दे. तिने मागितलं होतं, मी दिलं नाही.

पत्ता लिहिला. लक्ष्मी सिस्टर औषधाची गाडी घेऊन आल्या, त्यांच्याकडे दिलं, आजच टाका म्हटलं. त्यांनी उलटसुलट करून बघितलं. डोंगर, पांढरी इमारत, गॅलऱ्या. म्हणाल्या, अगंबाई, काय सुरेख जागा आहे! कुठलं हो हे हॉटेल?

म्हटलं, हॉटेल नाही. सॅनिटोरियम आहे.